दगड खंभातचा, म्हणून धर्मही खंभातचा?

‘इंडोनेशियात इस्लाम गुजराती व्यापाऱ्यांनी नेला. पुरावा म्हणजे सुमात्रातल्या पासाईच्या सुलतानांच्या कबरी. त्या गुजरातेतल्या खंभात बंदराच्या संगमरवराच्या आहेत.’ हा मजकूर बराच फिरतो. त्यातला दगड खरा आहे, म्हणूनच बाकीचंही पटून जातं.

आधी खरं ते मान्य करू. पासाईची राणी नहरासियाह हिची १४२८ सालची कबर खंभातच्या कारागिरांचीच आहे. पांढऱ्या संगमरवरावर कुराणातली अख्खी सूरह यासीन आणि आयतुल कुर्सी कोरली आहे. एका स्त्रीसाठी, तीही राज्य करणाऱ्या, समुद्रापार केलेलं इतकं देखणं काम फार थोड्या ठिकाणी दिसेल. जावातल्या ग्रेसिकची, आद्य धर्मप्रचारक मानल्या जाणाऱ्या मलिक इब्राहिमची कबरही खंभाती, १४१९ची.

पण साल पाहा. पासाईचा पहिला सुलतान मलिक अस-सालेह वारला १२९७ मध्ये. म्हणजे नहरासियाहच्या कबरीआधी सव्वाशेहून अधिक वर्षं तिथे मुस्लिम राजा होता. त्याच्या कबरीवरचा दगड संगमरवर नाहीच; तो ‘बातू आचे’ म्हणतात त्या स्थानिक घडणीचा आहे. काही अभ्यासक तर हा दगडही मागाहून बसवलेला मानतात. मुद्दा कसाही घ्या, खंभातचा हात त्यात दिसत नाही. आणि जावातल्या लेरानचा फातिमा बिंत मैमूनचा कबरीचा दगड तर १०८२ सालचा!

दुसरं, खंभातला कोरीव कबरी मागणीप्रमाणे घडवून जहाजांवर चढवल्या जात. ओमानमधल्या धोफारचा, येमेनच्या रसूली घराण्यातला अमीर अल-वासिक याच्या कबरीचे संगमरवरी दगडही खंभाती आहेत. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मग अरबस्तानात इस्लाम गुजरातने नेला म्हणायचं का? राजघराणं श्रीमंत होतं, त्याने त्या काळचा सर्वोत्तम माल मागवला. कबरीवरून एवढंच सिद्ध होतं.

धर्म कुठून गेला याचं एकच उत्तर नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४५च्या सुमारास पासाईला गेला, तेव्हा सुलतान शाफई या सुन्नी धर्मशास्त्राच्या पंथाचा होता. तो पंथ मलबारातही होता, अरबस्तानातही, गुजरातच्या बंदरांतही आणि आपल्या कोकणी मुसलमानांतही आहे. त्यामुळे पासाईचं श्रेय एकट्या गुजरातला देता येत नाही, तसं ते एकट्या मलबारलाही देता येणार नाही.