मुलाच्या तापात ‘पाच दिवस थांबा’ सांगणारा संदेश पुढे पाठवू नका

सर्दी-तापाची साथ सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: मुलाला ताप आला तर पाच दिवस डॉक्टरकडे नेऊ नका, व्हायरल आपोआप जातो. १०२च्या वर गेला तर मात्र ताप डोक्यात जातो, लगेच बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक सुरू करा, मागची बाटली उरली असेल तर तीच द्या. खोकल्याचं औषध घरात ठेवाच. आणि फ्लूच्या लशीचा काही उपयोग नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण दिवस, थर्मामीटरचा आकडा आणि शेंबडाचा रंग या तीन गोष्टींवर हा सगळा सल्ला उभा आहे. आजारी मुलाचं ठरवताना आधी बघायचं असतं ते मूल श्वास कसा घेतंय, काही पितंय का आणि आपल्याला प्रतिसाद देतंय का. त्याबद्दल संदेशात एक अक्षर नाही.

‘पाच दिवस थांबा.’ सर्दी आपोआप बरी होते, हे खरं. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे आणि त्यानंतरचा खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. खेळणाऱ्या, पाणी पिणाऱ्या मुलाला प्रत्येक शिंकेला दवाखान्यात न्यायची गरज नाही. पण पाच दिवसांचा नियम सरसकट सगळ्यांना कसा लावणार? तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर त्याच दिवशी दाखवायचं, मध्यरात्र असली तरी. एवढ्या लहान बाळात रक्तातल्या किंवा मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचंही सुरुवातीला ताप हे एकच लक्षण असू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळांना होणारा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज, बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास देतो. म्हणजे संदेश ज्या दिवसांत स्वस्थ बसायला सांगतो, नेमके तेच दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचे. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषधही पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त गुण देतं. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, किंवा त्याला दमा वा हृदयाचा आजार असेल, तर फ्लूची शंका येताच डॉक्टरांशी बोला.

श्वास मोजायला प्रत्येक आईबापाने शिकायला हवं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, रडत असताना नव्हे, अंगातला कपडा वर करा आणि छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, बाळांचा श्वास अनियमित असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. श्वास असा जलद आहे, श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, मूल कण्हतंय, ओठ निळसर दिसताहेत, पाणी पोटात ठरत नाही, लघवी खूपच कमी झालीय किंवा मूल हाक मारूनही नीट जागं होत नाही, यातलं काहीही दिसलं तर पहिला दिवस असो की पाचवा, लगेच निघायचं. बरं वाटून ताप गेला आणि पुन्हा जोरात आला, तरीही दाखवायचंच.

‘ताप डोक्यात जातो.’ संसर्गाच्या तापाने सहसा मेंदूला इजा होत नाही. १०३ ताप असलेलं मूल औषधानंतर खेळत असेल, तर १०१ तापात मलूल पडलेल्या मुलाची काळजी जास्त. सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. बघणाऱ्याचं काळीज फाटतं, पण ती बहुतेक वेळा कायमचं नुकसान न करता थांबते. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. पहिलीच आकडी असेल तर थांबल्यावरही दाखवा. बर्फाच्या पाण्याने मूल कुडकुडतं आणि त्याचे हाल होतात. पॅरासिटामॉल द्यायचं ते मुलाला बरं वाटावं म्हणून, वजनावरून ठरलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन स्वतःहून कधीच देऊ नका, त्याने राय सिंड्रोम हा गंभीर आजार होऊ शकतो.

‘शेंबूड हिरवा, अँटिबायोटिक सुरू.’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइममुळे, आणि साध्या व्हायरल सर्दीतही तो दिसतो. विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीच परिणाम होत नाही, जुलाब आणि पुरळ मात्र मुलाच्या वाट्याला येतात. उरलेली बाटली तर मुळीच नको. पावडरीत पाणी घालून केलेलं हे औषध एक-दोन आठवडेच टिकतं आणि त्याची मात्रा मुलाच्या तेव्हाच्या वजनाची असते. शिवाय न्यूमोनिया असेल, तर चुकीच्या औषधावर विसंबून मोलाचा वेळ जातो. डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक दिलं तर ते सांगितलं तसंच द्या. नाही दिलं तर हट्ट धरू नका.

खोकल्याच्या तयार औषधांबद्दल एवढंच, की लहान मुलांत त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि गुंगीसारखे त्रास मात्र होतात. वर्षापुढच्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

राहिली लस. ‘घेतली तरी सर्दी झालीच’ ही तक्रार खरी असते, कारण सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत आणि ही लस फक्त इन्फ्लुएंझावरची, म्हणजे फ्लूवरची. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण गंभीर आजाराची आणि इस्पितळात भरती होण्याची शक्यता कमी होते. सहा महिन्यांपासून ती देता येते. लहान मुलांना ही लस पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून साथीच्या आधीच घ्यावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देता येत नाही. गरोदरपणात आईने घेतली तर तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात, आणि घरातल्या बाकीच्यांनीही घेतली तर फ्लू बाळापर्यंत पोचायची शक्यता कमी होते.