आईचे मुखत्यारपत्र आणि नातेवाइकांचा संशय

आज नाशिकला गंगापूर रोडवर एका साखरपुड्याला गेले होते. तिथे नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी चारचौघांत विचारले, "आईकडून सगळं लिहून घेतलंस म्हणे?" दुपारपासून डोके तापले आहे, म्हणून हे लिहिते आहे.

होय, मुखत्यारपत्र, म्हणजे आईच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, घेतले आहे, पण 'सगळे' नव्हे. आईची बँक, पेन्शनचे कागद, घरपट्टी, वीजबिल आणि दवाखान्याचे व्यवहार एवढ्यापुरतेच ते विशेष मुखत्यारपत्र आहे. घर किंवा प्लॉट विकण्याचा, गहाण ठेवण्याचा वा बक्षीस देण्याचा अधिकार मला नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे आणि ते वाक्य आईने स्वतः सांगून घालायला लावले.

आई निवृत्त मुख्याध्यापिका आहे, पंचवटीत स्वतःच्या घरात राहते आणि तिथेच राहणार आहे. सिंहस्थ कुंभमेळा जवळ येऊ लागल्यापासून मखमलाबादच्या आमच्या प्लॉटची चौकशी करणारे वाढले आहेत. गेल्या वर्षी भर दुपारी एक गृहस्थ पेढे घेऊन आले, बाबांची जुनी ओळख सांगितली आणि आई चहा टाकायला आत गेली तेवढ्यात त्यांनी साठेखताचा, म्हणजे विक्रीच्या कराराचा, मसुदा टीपॉयवर उघडून ठेवला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्याही मारलेल्या होत्या. कामाच्या मावशींनी मला फोन केला म्हणून ते प्रकरण तिथेच थांबले. आमच्या कुटुंबाचे हित सांगणाऱ्यांपैकी त्या दिवशी कोण आले होते?

मुखत्यारपत्राने आईचा सहीचा अधिकार जात नाही, ती उद्याही कुठेही सही करू शकते, हे मला मान्य आहे. पण आता कागद घेऊन येणाऱ्याला ती "मुलीशी बोला" म्हणते, आणि त्यांतले बहुतेक जण पुन्हा फिरकत नाहीत. मुले फसवतात हेही खरे आहे, मुखत्यारपत्राच्या जोरावर आईबापांची खाती रिकामी करणारे आपल्या सर्वांच्या ओळखीत असतील. मात्र हेच नातेवाईक मुलाच्या नावे घराचे बक्षीसपत्र झाले की पेढे वाटतात! बक्षीसपत्राने घरच हातचे जाते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेले घर मुलाने ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते, पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसाने पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायचा. मुखत्यारपत्रात मालकी आईचीच राहते आणि मनात आले तर ती ते रद्द करू शकते. ते रद्द कसे करायचे, हा तिने वकिलांना विचारलेला पहिला प्रश्न होता.

तिला जिना उतरवत नाही म्हणून नोंदणीसाठी आम्ही गृहभेटीचा अर्ज केला होता. दुय्यम निबंधकांनी विचारले, "आजी, हा कागद कशाचा आहे?" त्यावर तिने इयत्ता सातवीला समजावे तसे कलमवार उत्तर दिले, शिवाय मसुद्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. ते हसले, अंगठा आणि फोटो झाला. लिहिता लिहिता माझा राग थोडा उतरला आहे, तो तिच्या त्या आवाजाच्या आठवणीने.

खरा राग धरायचा तो कायद्यावर. १८७२ च्या करार कायद्यातील कलम २०१ प्रमाणे, लिहून देणाऱ्याचे मानसिक भान गेले की मुखत्यारपत्रही संपते. म्हणजे आईला उद्या स्मृतिभ्रंश झाला, तर ज्या दिवसासाठी हा कागद केला त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरणार, आणि तिच्याच पेन्शनमधून तिचे औषध आणण्यासाठी मला पालकत्वाची मागणी घेऊन उच्च न्यायालयात जावे लागणार. इंग्लंडमध्ये भान गेल्यावरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे पेन्सिलीने फुल्या मारणाऱ्यांना कुठलीच अडचण नाही, दारात उभ्या असलेल्या मुलीला मात्र आहे.

तोवर आईचे डोके शाबूत आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या बचत खात्याला माझ्या भावाचे नाव जोडून, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशी सोय करणार आहोत. तो फॉर्म ती स्वतःच भरणार आहे, मला हात लावू देणार नाही म्हणाली.