हॉफश्टेटर ऐकून नाक मुरडण्याची रीत

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्ट्रिंग क्वार्टेट आणि क्विंटेट, म्हणजे चार किंवा पाच तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या पाश्चात्त्य रचना ऐकण्याची, आणि त्यातही हायडन-मोझार्ट या बड्या नावांच्या पलीकडचे ऐकण्याची हौस तुम्हाला लागली असेल, तर तुमचे अभिनंदन. मात्र अशा ध्वनिमुद्रणांचा आस्वाद घेण्याची एक रीत असते आणि ती मला गेल्या रविवारी एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात, चहा-चिवड्यासह, विनामूल्य शिकायला मिळाली. ती तुमच्यापर्यंत पोहोचवणे मी माझे कर्तव्य समजतो.

सर्वप्रथम वेष्टनावरचे नाव वाचावे. ते ओळखीचे असेल तर डोळे मिटावेत, नसेल तर मोबाइल काढावा.

लुइजी बोकेरिनी हे नाव ओळखीचे धरावे, पण तीन-चार मिनिटांपुरतेच. त्याच्या १७७१ सालच्या ई मेजर या स्वरपट्टीतल्या क्विंटेटमधला मिन्युएट, म्हणजे नृत्याच्या चालीचा भाग, सर्वांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. या गृहस्थाने दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि दोन चेलो अशा जुळणीसाठी शंभराहून अधिक क्विंटेट लिहिले, स्वतः चेलोवादक असल्यामुळे खर्जाच्या वाद्याला, पहिल्या चेलोला, थेट व्हायोलिनच्या उंचीवर गायला लावले, माद्रिदच्या रस्त्यांवरची रात्र एका क्विंटेटमध्ये उतरवली आणि त्यात चेलोवादकांना वाद्य मांडीवर घेऊन गिटारसारखे छेडायला सांगितले. पण या भानगडीत तुम्ही पडू नये. मिन्युएट लावावा, ‘अरे, हे तर आपले नेहमीचेच’ असे म्हणावे आणि रोंदो हा पुढचा भाग सुरू होण्याआधी उठावे. तुम्ही उठला नाहीत तरी बिघडत नाही, कारण मिन्युएट संपताच रोंदोऐवजी गाद्यांची जाहिरात लावण्याची काळजी ॲप घेतेच.

रचना ‘शांत झोपेसाठी’ या यादीत सापडली, तर ती झोपेसाठीच लिहिली होती असे समजावे.

जुन्या रीतीने आतड्याच्या तातींवर वाजवलेले ध्वनिमुद्रण असेल, तर ‘सूर जरा उतरलेला वाटतो’ असे जाणकारपणे म्हणावे. वाद्ये आजच्या प्रमाण ४४०ऐवजी ४३० हर्ट्झच्या आसपास मुद्दामच लावलेली असतात, हे सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

संगीतकाराविषयी मत विचारलेच, तर ‘मोझार्टसारखा आहे, पण मोझार्ट नाही’ असे उत्तर द्यावे. ते त्याच काळातल्या व्हानहालला चालते, डिटर्सडॉर्फला चालते, स्वीडनच्या दरबारी असलेल्या क्राउसलाही चालते, आणि त्यासाठी तिघांपैकी एकालाही ऐकावे लागत नाही. बोकेरिनीला ‘हायडनची बायको’ म्हटल्याची कोटी व्हायोलिनवादक पुप्पोच्या नावावर सांगितली जाते. तीही हाताशी ठेवावी.

आता मुख्य धडा. रविवारी मी जुन्या बाजारात मिळालेली एक तबकडी नेली होती. वेष्टनावर छापले होते: हायडन, ओपस (म्हणजे रचनासंच) ३, क्रमांक ५. तिच्यातला दुसरा भाग लावला. त्यात पहिले व्हायोलिन म्यूट, म्हणजे आवाज दबवणारी चिमटी लावून, दबक्या आवाजात एक सरळ, निरागस चाल गाते आणि उरलेली तीन वाद्ये खाली नुसत्या बोटांनी तारा छेडत राहतात. खोलीत चिवड्याचाही आवाज थांबला. भाग संपल्यावर मंडळींतल्या सर्वांत जाणत्या गृहस्थांनी डोळे उघडले आणि म्हणाले, ‘‘हे हायडननेच करावे.’’ वेष्टन हातोहात फिरले. दोघांनी त्याचे फोटो काढले.

माझी चूक ही की, मला राहवले नाही. मी सांगून टाकले की हे सहा क्वार्टेट पॅरिसच्या बायो नावाच्या प्रकाशकाने १७७७ साली हायडनच्या नावावर छापले, पुढे हायडनच्या शिष्याने, प्लेयेलने, ते गुरूच्या क्वार्टेटांच्या संग्रहात घातले आणि म्हाताऱ्या हायडननेही हरकत घेतली नाही. मग १९६४ साली ॲलन टायसन आणि रॉबिन्स लँडन या अभ्यासकांनी दाखवून दिले की, पहिल्या दोन क्वार्टेटांच्या छपाईच्या पत्र्यांवर खोडलेल्या दुसऱ्याच नावाच्या खुणा आहेत. ते नाव हॉफश्टेटर. तेव्हापासून बहुतेक अभ्यासक हे सगळेच क्वार्टेट आमोरबाखच्या मठातल्या रोमानुस हॉफश्टेटर या बेनेडिक्टिन साधूचे मानतात.

क्षणभर शांतता पसरली. मग तेच गृहस्थ, त्याच खुर्चीत, तोच कप हातात धरून म्हणाले, ‘‘तरीच! मला मधे जरा पोकळ वाटत होते.’’

पोकळ! तर वाचकहो, तुम्हीही असेच करावे. तबकडी तीच, सुई तीच, वाजवणारे चौघे तेच. पण नाव बदलताच सुरांतला अर्थ पाझरून जातो, हे जाणून घ्यावे. पाच मिनिटांपूर्वी आलेला गहिवर हॉफश्टेटरच्या खात्यातून वजा करून हायडनच्या खात्यावर परत जमा करावा. इतरांनी लगेच माना डोलवाव्यात, कुणी ‘मठातले लोक काय लिहिणार’ असे म्हणावे, आणि फोटो काढणाऱ्या दोघांनी ते फोटो पुसून टाकावेत. (एकाने खरोखरच पुसला. मी पाहिले.) गवयाचे घराणे विचारल्याशिवाय दाद न देण्याची आपली सवय जुनीच आहे, ती व्हिएन्नापर्यंत नेण्याचे श्रेय तुम्हाला मिळो.

मात्र एक गोष्ट मला कळत नाही. मायकेल केली या गायकाने आपल्या आठवणींत १७८४च्या सुमाराची व्हिएन्नातली एक मैफल नोंदवली आहे. पहिले व्हायोलिन हायडन, दुसरे डिटर्सडॉर्फ, व्हिओलावर मोझार्ट आणि चेलोवर व्हानहाल. ज्यांच्या मांडीला मांडी लावून मोझार्ट बसला, त्यांचा एक अख्खा क्वार्टेट ऐकताना तुमच्या मांडीला मुंग्या येतात का? अहो, उपरोध पुरे झाला. तुम्हाला ती चाल आवडली होती. तुमचे डोळे मिटलेले मी पाहिले होते, बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते तेही पाहिले होते. आवडले होते एवढे तरी म्हणा. म्हणवत नसेल तर निदान ‘तरीच’ म्हणू नका. पुढच्या रविवारी मी वेष्टन घरीच ठेवणार आहे. विचारलेत तरी नाव सांगणार नाही, आणि चौथा भाग संपेपर्यंत कुणी उठायचे नाही.