‘खेड्यातल्या लग्नाला एवढा मॉनिटर कशाला’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, लग्नाचे फोटो एडिट करायला नव्या पोरांनी कॉम्प्युटर कसा घ्यावा यावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण पारोळ्याच्या हळदीची मेमरी कार्डं कॉपी व्हायची होती म्हणून आत्ता लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की गेमिंग लॅपटॉपवर सगळं होतं, ग्राफिक कार्डाबद्दल मी चुकीचं लिहिलं, यूपीएस-बॅकअपचं उगाच भ्या दाखवलं आणि "खेड्यातल्या लग्नाला एवढा मॉनिटर कशाला, तिथं रंग कळतो कोणाला, नव्या पोरांना दीड लाखाच्या खड्ड्यात घालू नका."

ग्राफिक कार्डाचं मान्य. फोटोच्या कामाला वेगळं कार्ड लागतच नाही असं मी लिहिलं होतं, ते आता खरं नाही. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) एप्रिल २०२३ ला एआय डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे साफ करणारं फीचर आलं, त्याचा सगळा भार कार्डावर पडतो. हळदीला मांडवात कमी उजेडात आयएसओ ६४०० वर काढलेले दाणेदार फोटो साफ करायचे तर ८ जीबीचं कार्ड घ्याच. चूक झाली, दुरुस्त केली.

पण "तिथं रंग कळतो कोणाला" हे तुम्ही कोणाबद्दल बोलले? मी १९ वर्षं अमळनेर, चोपडा, धरणगावकडची लग्नं करतोय, त्याच्यावरच घर चालतं. जळगावच्या सराफात पोत घ्यायला बसलेली आपल्याकडची बाई सोन्याचा पिवळा किती आणि तांब्याची झाक किती हे नुसत्या डोळ्यांनी सांगते, आणि तिला म्हणे रंग कळत नाही! मतभेद असू द्या, पण माझ्या गिऱ्हाइकाला अडाणी ठरवायचा तुम्हाला काय अधिकार?

२०१६ ची आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावरचं एक लग्न, अजून लक्षात आहे. तेव्हा मी पण लॅपटॉपवरच करायचो. त्याचा पॅनल ४५ टक्के एनटीएससीचा (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप), म्हणजे एसआरजीबी हा रंगांचा साधा नेहमीचा संचसुद्धा पूर्ण दाखवत नव्हता, लाल रंग कायम मेलेला दिसायचा. नवरीचा शालू डाळिंबी होता. स्क्रीनवर फिका दिसतोय म्हणून मी सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि ३५ शीटचा करिश्मा अल्बम (फोटो थेट पानावर छापलेला) छापून आला तेव्हा शालू भडक लाल, चुन्या गायब, पदरावरचे बुट्टे त्या लालात बुडालेले. लॅबनं काही केलं नव्हतं, मी पाठवलं तेच छापलं होतं. नवरीच्या आईनं पान उलटलं, बोट ठेवलं आणि म्हणाली, "हाऊ मन्ही पोरना शालू नही शे, भाऊ." (हा माझ्या पोरीचा शालू नाही.) आवाज चढवला नाही की भांडली नाही. मी पदरचे पैसे घालून अख्खा अल्बम परत छापला, आणि पुढच्या सीझनला पहिले रंग नीट दाखवणारा आयपीएस मॉनिटर आणि त्याचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर घेतला, बाकी मशीन नंतर. ती बाई खेड्यातलीच होती बरं का.

म्हणून पोरांना सांगतो की पैसे कमी असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, १६ जीबी रॅमवर सुरुवात करा आणि ३२ पुढच्या वर्षी करा (डेस्कटॉपला ते जमतं, आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपला रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते), पण मॉनिटरमध्ये काटकसर करू नका. ह्याला तुम्ही खड्डा म्हणता?

लॅपटॉपचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी २ वाजता माझ्या दुकानात येऊन बसा. बाहेर ४४-४५ अंश, वरती पत्रा, आणि १,८०० रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, जड फाइलचे) फोटो एक्स्पोर्टला लावलेले. पहिले तीन-चारशे पळतात, मग प्रोसेसर शंभर अंशाकडे गेला की स्वतःच वेग कमी करतो, पंखा ओरडत राहतो आणि काम रांगतं. डेस्कटॉपच्या मोठ्या कॅबिनेटला पुढून दोन पंखे आणि मागून एक असला की तेच काम एका वेगानं संपतं. पुण्यात एसीत बसून लॅपटॉप चालत असेल, मी नाही म्हणत नाही.

यूपीएस-बॅकअपवर वाद घालत नाही, ज्याची हार्ड डिस्क जाते त्याला कळतं.

आणि एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही स्वतः किती लग्नाचे अल्बम छापून गिऱ्हाइकाच्या हातात दिले? दिले असतील तर कोणत्या स्क्रीनवर रंग केले ते लिहा, मी नीट वाचीन. कार्डाचं वाक्य बदललंय. मॉनिटरचं तसंच राहील.