गोवर होऊन गेलेला बरा? कुणासाठी?

परवा रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. "ताई, एक विचारू? रागावू नकोस." अशी सुरुवात झाली की समजायचं, कुठला तरी फॉरवर्ड आलाय. आला होताच. पाठवणारी कोण, तर माझीच आई, म्हणजे तिची आत्या. पोटची मुलगी वीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतेय, तिला एका शब्दाने न विचारता आईने तो मेसेज अकरा महिन्यांच्या बाळाच्या आईला पाठवून दिला. बाळाच्या गोवराच्या लसीची तारीख उलटून दोन महिने झालेत. आधी सर्दी होती म्हणून राहिली, मग प्रवास होता म्हणून, आणि आता हा मेसेज.

ढाल घेतलेल्या सैनिकाचं चित्र आणि वर मथळा: 'रोगप्रतिकारशक्तीची ७ सत्यं, जी डॉक्टर कधीच सांगणार नाहीत'. ती सत्यं थोडक्यात अशी. आजारपण हा शरीराचा व्यायाम असतो. तापाचं औषध म्हणजे आपल्याच सैन्याच्या पाठीत सुरा. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक सुरू करा. २१ दिवसांत प्रतिकारशक्ती दुप्पट करता येते. लसींच्या माऱ्याने बाळाची प्रतिकारशक्ती थकते. गोवर-कांजिण्या लहानपणी होऊन जाऊ द्याव्यात, 'पुरळावाटे विष बाहेर पडते आणि शक्ती पोलादी बनते'. आणि शेवटी, एकदा झालेला आजार पुन्हा होत नाही.

क्रमाने जात नाही. सहाव्यापासूनच सुरू करते, कारण बाकीच्या सहांनी फार तर डोकं उठेल, पण या एकाने मूल जाऊ शकतं.

मुळात 'शक्ती' या शब्दानेच घोळ केलाय. शक्ती म्हटलं की दंड फुगवलेला पैलवान डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात शरीरात असतात त्या नोंदी. एखाद्या जंतूशी गाठ पडली की बी आणि टी या पांढऱ्या पेशींपैकी काही त्याची ओळख धरून मागे राहतात, त्या स्मृतिपेशी. प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बनवणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजात ठाण मांडून वर्षानुवर्षं काम करत असतात. तोच जंतू पुन्हा आला की पहिल्या वेळेसारखे आठ-दहा दिवस चाचपडण्यात जात नाहीत. वर्गात मी याला हजेरीपट म्हणते. अकरा महिन्यांच्या बाळाचा हजेरीपट अजून दोन-चार पानांचा असतो. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं ओसरत आलेली असतात आणि प्रत्येक सर्दीखोकल्यागणिक त्याची स्वतःची एकेक ओळ भरत असते.

गोवराचा विषाणू नेमका या हजेरीपटावर घाला घालतो. श्वासावाटे आत शिरला की तो आधी फुप्फुसात पहारा देणाऱ्या पेशींनाच पकडतो आणि त्यांच्याच पाठीवर बसून लसिका गाठींपर्यंत (लिम्फ नोड्स) पोचतो. त्याला आत शिरायला लागणारं कुलूप म्हणजे सीडी१५० हे प्रथिन. ते कुठे असतं, तर रोगप्रतिकारक पेशींवर, आणि त्यातही स्मृतिपेशींवर भरपूर. म्हणजे नोंदी ज्यांनी सांभाळायच्या, त्याच पेशी विषाणूचं भक्ष्य होतात. गोवर ओसरल्यावर एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा काही दिवसांत पूर्ववत होतो. रिपोर्ट बघून घरचे निश्चिंत होतात. पण जागा भरणाऱ्या नव्या पेशींपैकी बऱ्याच फक्त गोवराला ओळखणाऱ्या असतात. कर्मचारी तेवढेच, पण जुनी माणसं गेलेली.

याची पहिली चाहूल शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. १९०८ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं की ज्या मुलांच्या त्वचेवर क्षयाच्या चाचणीची गाठ उठायची, त्यांची ती गाठ गोवराच्या दिवसांत उठेनाशी होते. क्षयाचे जंतू शरीरातून गेले नव्हते, शरीराला त्यांचा विसर पडला होता. ('अ‍ॅलर्जी' हा शब्दही याच गृहस्थांचा.)

विसर पडतो म्हणजे किती, हे मोजता आलं ते अलीकडे. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये गोवराची साथ आली, ती मुख्यतः धार्मिक कारणाने लस न घेणाऱ्या समाजात. तिथल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त आजाराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. त्यावरचा मायकेल मिना, स्टीफन एलेज आणि सहकाऱ्यांचा निबंध २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. रक्ताच्या एका थेंबात शेकडो विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं ओळखणारी पद्धत त्यांनी वापरली. निष्कर्ष असा, की गोवरानंतर या मुलांनी आधी कमावलेल्या प्रतिपिंडांच्या साठ्यापैकी ११ ते ७३ टक्के गमावला होता. म्हणजे गोवराविरुद्धची नव्हे, इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं! ज्यांचा गोवर जोराचा होता त्यांचं नुकसान मध्यकाने (म्हणजे निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) ४० टक्के, आणि ज्यांचा 'साधाच' होता त्यांचं ३३. सगळ्यात मोठं, ७३ टक्क्यांचं नुकसान तर साध्या गोवरवाल्या गटातलंच होतं. 'हलकासा झाला, बरं झालं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

गोवराची लस घेतलेल्या मुलांमध्ये अशी घट दिसली नाही.

हा साठा परत भरतो, पण आपोआप नाही. त्या जंतूंना पुन्हा सामोरं जावं लागतं, पुन्हा आजारी पडावं लागतं. याच मिनांचा २०१५ चा आधीचा अभ्यास सांगतो की गोवरानंतर दोन ते तीन वर्षं इतर संसर्गांनी मुलं दगावण्याचा धोका वाढलेला राहतो. तर मेसेज जी गोष्ट पोलादी करून देतो म्हणतो, तीच गोष्ट गोवर पळवून नेतो. खोटं बोलायलाही काही मर्यादा असावी!

आता ते 'पुरळावाटे विष'. आईला हे वाक्य फार पटलंय, कारण ते डोळ्यांना दिसतं. कानांमागून, कपाळावरून सुरू होऊन खाली पसरत जाणारे लाल चट्टे. काहीतरी आतून बाहेर येतंय असंच वाटतं बघणाऱ्याला. पण बाहेर काहीच पडत नसतं. त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भोवती विषाणूने धरलेल्या पेशी असतात, त्यांना शरीराच्या टी पेशी मारतात. तो लालपणा त्या झटापटीचा. पुरावा हवा असेल तर ज्यांच्या टी पेशीच दुबळ्या आहेत अशा रुग्णांकडे बघा. त्यांना गोवर होतो तेव्हा कधी कधी अंगावर पुरळच उठत नाही, आणि अशा रुग्णांत गोवर बहुधा जीवघेणा ठरतो. विष बाहेर न पडल्याने नव्हे, झटापट करायला कुणी शिल्लक नसल्याने. शिवाय पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना संसर्ग देत असतं. म्हणजे घरच्यांना चट्टे दिसेपर्यंत त्याच्यासोबत खेळलेल्यांचा नंबर लागून गेलेला असतो. खोलीतून रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो.

बाकीचं भराभर सांगते. गोवर झालेल्या लहान मुलांत साधारण वीसातल्या एकाला न्यूमोनिया होतो, हजारातल्या एकाच्या मेंदूला सूज येते. आणि एसएसपीई नावाचा गोवरामुळे होणारा मेंदूचा आजार आहे, विरळा पण भयंकर. मूल बरं होतं, शाळेत जाऊ लागतं आणि सात-दहा वर्षांनी मेंदू निकामी व्हायला लागतो. यावर खात्रीचा इलाज नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना हा धोका जास्त. कांजिण्यांचा विषाणू तर 'होऊन जात' नाहीच, तो मज्जातंतूंच्या गाठींत लपून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. आईला ते वेगळं सांगायला नको, गेल्या वर्षी महिनाभर तिने ती सोसली आहे.

या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. गोवर होऊन गेलेल्याला पुन्हा गोवर होत नाही, हे खरंच आहे. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंदवून ठेवलं की १७८१ च्या साथीत आजारी पडलेले म्हातारे या वेळी सुटले, पासष्ट वर्षांनीसुद्धा. झकास प्रतिकारशक्ती! फक्त त्या बेटांवरच्या जेमतेम आठ हजार माणसांतली सहा हजारांच्या आसपास त्या साथीत आजारी पडली, हे त्याच वृत्तांतात आहे. आणि ही पासष्ट वर्षांची हमी मिळते कशाविरुद्ध? पुन्हा गोवर होण्याविरुद्ध. घराला आग लागून गेल्यावर 'आता हे घर पुन्हा जळणार नाही' असं म्हणण्यातला प्रकार. लसीचे दोन डोस हीच हमी ९७ टक्के लोकांना देतात, घर न जाळता.

आता उरलेले सहा.

हिरवा शेंबूड. हा रंग जंतूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. न्यूट्रोफिल पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त विकर (एन्झाइम) असतं, ते मुळातच हिरवं. पेशी कामाला आल्या, मेल्या, साठल्या की शेंबूड हिरवट दिसतो. विषाणूच्या साध्या सर्दीतही होतं ते. रंग बघून अँटिबायोटिक सुरू करणारा आणि तापाच्या औषधाला 'पाठीत सुरा' म्हणणारा लेखक एकच आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

२१ दिवसांत दुप्पट. दुप्पट काय? पेशींची संख्या? प्रतिपिंडं? सूज? समजा, खरंच कुणी सगळी यंत्रणा एकदम चेतवली तर काय होतं, ते जगाने पाहिलंय. मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये सहा धडधाकट तरुणांना टीजीएन१४१२ हे प्रायोगिक औषध दिलं गेलं. टी पेशींना थेट चेतवणारं. दोन तासांच्या आत डोकेदुखी, थंडी, उलट्या. दिवस संपता संपता सहाही जण अतिदक्षता विभागात, एकामागून एक अवयव बंद पडायच्या बेतात. वाचले सगळे, पण एकाची बोटं गेली. संधिवाताभ (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), टाइप-१ मधुमेह हेसुद्धा प्रतिकारशक्ती कमी पडल्याचे आजार नव्हेत, ती भलत्याच दिशेला वळल्याचे आहेत. दुप्पट कशाला हवी आहे?

तापाबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे, मान्य. ताप जंतू आणत नाही, आपला मेंदूच तापमानाची खूण वर सरकवतो, आणि थोड्याशा तापाला लगेच औषध लागत नाही. पण औषध दिलं म्हणून शरीराची लढाई थांबत नाही, मूल जरा पाणी पितं, झोपतं. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तर सैन्य-बिन्य बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठायचा.

आजारपण म्हणजे व्यायाम? निरुपद्रवी सूक्ष्मजीवांचा सहवास लहान मुलांच्या प्रतिकारयंत्रणेच्या जडणघडणीला लागतो, इतपत खरं. मातीत खेळू द्या की! मातीत खेळणं वेगळं आणि न्यूमोनिया वेगळा.

लसींनी बाळ थकतं म्हणे. घरभर रांगत हाताला लागेल ते तोंडात घालणारं बाळ दिवसभरात जितके परके पदार्थ पचवतं, त्यापुढे लसीतली प्रथिनं किस झाड की पत्ती.

एकदा झालेला आजार पुन्हा होत नाही, हे गोवरापुरतं ठीक. धनुर्वात होऊन वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते, कारण माणूस मारायला पुरणारं त्याचं विष प्रतिकारयंत्रणेला जागं करायलाही पुरत नाही, इतकं थोडं असतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराने पुन्हा होणारा डेंग्यू पहिल्यापेक्षा गंभीर होण्याचा धोका जास्त असतो.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, पण तुम्हा सगळ्या भावंडांना झालाच होता ना गोवर? काय झालं?" आम्हाला काही झालं नाही. ज्यांना झालं, ते आज फॉरवर्ड वाचायला नाहीत.

मामेबहिणीचे प्रश्न मात्र कामाचे होते. दोन महिने उशीर झालाय, आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का? नाही. आधी दिलेले डोस वाया जात नाहीत, राहिलेला डोस जाऊन घ्यायचा, पुढचा त्यानंतर डॉक्टर सांगतील त्या अंतराने. थोडी सर्दी अजून आहे, चालेल? चालेल. थांबायचं असतं ते मूल बऱ्यापैकी तापाने फणफणलेलं असेल तर, किंवा त्याची प्रतिकारयंत्रणाच गंभीरपणे दुबळी असेल तर, कारण ही लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असते. लसीनंतर आठवड्याभराने अंग थोडं कोमट होईल, एखाद्याला फिकट पुरळही उठेल. "म्हणजे विष बाहेर पडेल," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. लसीचं कार्ड सापडत नव्हतं. रात्री अकराला कपाटाचे खण उघडल्याचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता.