ऑर्गनही एकेकाळी ‘बाहेरचा’च होता

जय ख्रिस्त. ‘गिटार-ड्रम आले आणि मंडळी (चर्चमध्ये जमलेले भाविक) मुकी झाली, ऑर्गन हाच उपासनेचा मूळ बाज,’ असं तुम्ही लिहिलंत. मंडळी मुकी होतेय, हे खरं. मूळ बाजाचं तेवढं पटलं नाही.

धर्मसुधारणेच्या काळात झुरिकच्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गन १५२७ मध्ये मोडून काढला, तो ख्रिस्ती लोकांनीच. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात स्तोत्रं वाद्याविना, सगळ्यांनी एकाच सुरात गायची. पुढे इंग्लंडात १६४५ च्या उपासना-मार्गदर्शिकेनं, अनेकांना वाचता येत नाही म्हणून, एकानं ओळ वाचायची आणि बाकीच्यांनी ती गायची अशी सोय केली. सोयीची परंपरा झाली आणि चाल इतकी रेंगाळली की १७२० च्या दशकात बॉस्टनकडचा एक पाळक लिहितो, एकाच सुरावर दोनदा श्वास घ्यावा लागला! स्वरलिपी शिका म्हटल्यावर जुन्या मंडळींची तक्रार काय? तर, हे नवीन खूळ आहे.

आता मुकेपणाकडे वळू. माझ्या मते पहिला दोष पट्टीचा (गाणं कोणत्या सुरावर सा धरून गायचं त्याचा), वाद्याचा नंतर. बहुतेक नवी गाणी रेकॉर्डिंगच्याच पट्टीत उचलली जातात आणि ती पट्टी तयार गळ्याच्या गायकाची असते. सर्वसाधारण मंडळी पेटीवरच्या वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीपर्यंत, म्हणजे ‘डी’) मोकळेपणी जाते. पुरुष तेच एक सप्तक खाली. पांढरी सातमध्ये सा धरला, तर त्याच्या वरचा पंचम (प) काळी तीनवर पडतो. तिथे निम्मे लोक ओठ मिटतात. तेच गाणं पांढरी पाचमध्ये घ्या, पंचम बरोबर पांढरी दोनवर येतो. पण पहिलं कडवं खालच्या सप्तकात आणि शेवटचं वरच्या, अशी रचना असेल तर पट्टी उतरवून भागत नाही: वरचं जमलं की खालचं पुटपुटल्यासारखं होतं. असं गाणं गायकवृंदाला द्यावं.

दुसरा दोष आवाजाचा. शेजारचा ऐकू येईनासा झाला की माणूस गाणं सोडून ऐकत उभा राहतो. स्पीकर चढवले तर हे होतं, आणि ऑर्गनचे सगळे स्टॉप (आवाज वाढवणाऱ्या खुंट्या) ओढले तरीही होतं.

पडद्यावरची स्लाइडही घात करते. ओळ संपल्यावर बदलली तर उशीर झालाच. शेवटचे दोन-तीन शब्द उरले असतानाच पुढची यायला हवी. नवं गाणं महिन्याला एक पुरे, आणि ते सलग तीन रविवार घ्यावं. दर आठवड्याला दोन नवी गाणी घेतली तर कुठलंच तोंडात बसत नाही, मग ड्रम असोत वा नसोत.

तुमच्या मंडळीत एक करून पाहा. ओळखीच्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला सगळी वाद्यं आणि माइक बंद ठेवायला सांगा, मंडळी खरंच गाते का ते कळेल. ऑर्गन असलेल्या उपासनेतही.