त्सुमागोतला मुक्काम आणि आपले कोकण

जपानला जाणारी आपल्याकडची मंडळी बहुधा टोकियो, क्योतो आणि ओसाका पाहून परततात. त्यांनी त्यातली एक रात्र वाचवून नागानो प्रांतातल्या त्सुमागो गावी, घरच्याच माणसांनी चालवलेल्या एखाद्या मिन्शुकूत, म्हणजे घरगुती पाहुणघरात, अवश्य राहावे, असे मला मनापासून वाटते. एदो (आजचे टोकियो) आणि क्योतो यांना जोडणाऱ्या नाकासेंदो या जुन्या डोंगरी मार्गावरच्या ६९ टप्प्यांपैकी हा ४२वा. शेजारच्या मागोमे गावाहून जंगलातली सुमारे ८ किलोमीटरची पायवाट इथे येते, आणि अस्वलांना चाहूल लागावी म्हणून तिच्या कडेला वाजवायला घंटा टांगलेल्या आहेत.

मिन्शुकूत पाहुण्याने घराच्या शिस्तीत राहायचे असते. जोडे दारातच काढायचे, तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, सपातासुद्धा चालत नाहीत. न्हाणीघर सर्वांना मिळून एकच. आधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच कढत पाण्याच्या टाकीत उतरायचे, कारण तेच पाणी पुढच्या पाहुण्याला वापरायचे असते. जेवण सहाच्या सुमारास, तेही घरात जे शिजले असेल तेच: काडीला खोचून मिठात भाजलेला नदीचा मासा, रानभाज्या, आणि भात चेचून, त्याला अक्रोड व मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा) लेप लावून खरपूस भाजलेली गोहेइमोची. खोल्यांमधले सरकते पडदे इतके पातळ की शेजारच्याचा खोकला ऐकू येतो. काहींना ही गैरसोय वाटते. माझ्या मते पैसे याचेच द्यावेत, कारण आपण कुणाच्या तरी नांदत्या घरात आहोत हे त्यामुळेच क्षणभरही विसरता येत नाही.

ही घरे टिकली ती आपोआप नव्हे. १९११ मध्ये रेल्वे दुसऱ्या वाटेने गेली, वाटसरू आटले आणि गाव ओस पडू लागले. १९६८ पासून जुन्या घरांची डागडुजी सुरू झाली, १९७१ मध्ये गावकऱ्यांनी ‘विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही’ अशी सनद केली, आणि १९७६ मध्ये सरकारने गावाला संरक्षित वसाहतीचा दर्जा दिला. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी येऊ देत नाहीत, विजेच्या ताराही समोरून दिसत नाहीत. या क्रमात सरकारी शिक्का शेवटी आला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

गुहागर-दापोलीपासून मालवणपर्यंत घरगुती राहण्याची सोय आपल्याकडेही आहे, आणि उकडीचे मोदक नि सोलकढी वाढणारी घरेही आहेत. परंतु शहरातला पाहुणा रात्री दहाला पनीर मागतो, चिऱ्याच्या घराऐवजी वातानुकूलित खोली मागतो, आणि त्याच्या हट्टापायी परसात सिमेंटच्या खोल्या उभ्या राहतात. घरमालकांना दोष देण्याआधी आपण पाहुण्यांनीच मागणे बदलावे. खोली ठरवताना एसी आहे का हे विचारण्याऐवजी, तुमच्याकडे रात्रीची पाने किती वाजता मांडतात, एवढेच विचारावे आणि त्या वेळेला हजर राहावे.